पाच तारांची आत्या

फोनवर माझ्या आत्याला लोक अजूनही "साहेब" म्हणतात. तिचा आवाजच तसा आहे, खर्जातला. दुकानातला फोन उचलून ती "हॅलो" म्हणते, पलीकडून "साहेब, सोफा कधी मिळेल?" असं येतं, आणि ती चूक सुधारण्याच्या भानगडीत न पडता "गुरुवारी या" म्हणून मोकळी होते. शाळेत गाण्याच्या वेळी तिला शेवटच्या रांगेत मुलांच्याही मागे उभं करायचे आणि सांगायचे, तू नुसते ओठ हलव. "मी हलवले गं," ती मला सांगते, "पण आवाज पोटातून येत होता, तो कुठे कोंडणार?"

आत्याचा धंदा सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवण्याचा. दुकान आजोबांचं. माझ्या बाबांना त्यात रस नव्हता, ते शिकून नोकरीला लागले आणि आत्या आजोबांच्या हाताखाली उभी राहिली. एक लांबट खोली, भिंतीशी रचलेला फोम, छताला उलटे टांगलेले खुर्च्यांचे सांगाडे, टेबलावर स्टेपल गन आणि वाकड्या सुया. त्या खोलीच्या मागच्या टोकाला, जिथे ऊन पोचत नाही आणि ओलही येत नाही, तिथे आत्याच्या तीन बास गिटारी उभ्या असतात. तिन्ही जुन्या, तिन्ही पाच तारांच्या.

वाजवायला ती शिकली ती मात्र चार तारांवर. गल्लीच्या टोकाला साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांनी बांधलेला एक हॉल आहे. तिथे दर शनिवारी संध्याकाळी बँड वाजतो आणि लोक जोडीजोडीने नाचतात. त्या हॉलच्या खुर्च्या शिवायला आत्या गेली होती, तेव्हा तिच्या कानाला पहिल्यांदा बास लागली. बँडमध्ये बास वाजवणारा म्हातारा तिला म्हणाला, तुमच्या आवाजाचंच वाद्य आहे हे, घ्या हातात. तिने घेतली, ती कायमची; पुढे म्हाताऱ्याच्या जागी बँडमध्येही तीच वाजवायला लागली. संध्याकाळी दुकान झाडून झालं की मागच्या बाजूला तिची घूं-घूं सुरू व्हायची. आजोबा वैतागून ओरडायचे, "अगं, आता बास!" आणि ती शांतपणे म्हणायची, "बाबा, बासच तर वाजवतेय." हा विनोद आमच्या घरात इतका झिजलाय की आता त्यावर फक्त बाहेरचे लोक हसतात.

पाचवी तार तिच्या आयुष्यात आली ती दुकानाच्या दारातून. एका मोठ्या हॉटेलात वाद्यवृंद होता, त्यातला एक उंच, वाकलेला वादक एक दिवस आपल्या गिटारीची पेटी घेऊन आला. पेटीच्या आतली मखमल पार फाटली होती आणि गिटार आतल्या आत आदळायची. मापं घ्यायला आत्याने गिटार बाहेर काढली, टेबलावर गोधडी घालून आडवी ठेवली आणि मोजून पाहिलं तर तारा पाच. त्या काळी ही नवलाईच होती. चार तारांवर जग सुखात चाललं होतं. ती पाचवी तार सगळ्यांत जाड, सगळ्यांच्या खालच्या सुराची. आत्याने अंगठ्याने ती नुसती छेडली. गिटार कशालाही जोडलेली नव्हती, तरी फळीवरच्या डब्यातल्या चुका, म्हणजे कापड ठोकायचे बारीक खिळे, किणकिणले.

"माझ्या सगळ्या चुका एकदम वाजल्या," ती सांगते.

तो वादक रागावला नाही. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "परत वाजवा." मग म्हणाला, "अजून." पेटी शिवून झाल्यावरही तो अधूनमधून येत राहिला, कधी पट्टा दाखवायला, कधी नुसताच. येताना गिटार घेऊन यायचा, आत्याच्या हातात द्यायचा आणि स्वतः फोमच्या गठ्ठ्यावर टेकून ऐकायचा. पुढे काही वर्षांनी त्याची मनगटं दुखायला लागली, हॉटेलचं काम सुटलं आणि तो मुलीकडे राहायला निघाला. जाण्याआधी पेटी घेऊन आला. म्हणाला, "माझ्याकडे ही कपाटावर पडून राहील. हिची गादी तुम्ही शिवलीय, तुमच्याकडेच झोपू दे." आत्याने किंमत विचारली तेव्हा तो म्हणाला, वाजवत राहा, तेवढं पुरे. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी फार कमी पाहिलंय, पण ही गोष्ट सांगताना तिला दर वेळी मध्येच चहा आठवतो आणि ती उठून आत जाते.

ती थोरली. गडद तपकिरी, अंगाने भारी, मान लांब. लांब मानेमुळे तिची पाचवी तार ताठ राहते, कपड्यांच्या दोरीसारखी लोंबत नाही. त्या वादकाचा अंगठा जिथे टेकायचा, तिथे लाकडाला खळगा पडलाय. आत्याचा अंगठा आता त्याच खळग्यात बसतो. मधली आली ती एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद झाला तेव्हा. तिची मान धनुष्यासारखी वाकली होती. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याने मानेतली सळई थोडी थोडी पिळत ती सरळ करत आणली, पण हवा दमट झाली की मधली अजून कुरकुरते. धाकटीला सुरांच्या जागा दाखवणारे पडदेच नाहीत. बोट नेमकं पडलं तर सूर, नाहीतर बोंब. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. ते म्हणतात, "धाकटी पडदा पाळत नाही, म्हणून थोरलीचं आणि तिचं पटत नाही." घरात आम्ही तिघींना तीन जावाच म्हणतो.

हल्ली अशा गिटारींना लोक 'व्हिंटेज' म्हणतात. मध्यंतरी एक शौकीन गृहस्थ थोरलीला बघायला आले. भिंगातून सगळं पाहिलं, खुंट्या पाहिल्या, तारा जिच्यावरून जातात ती घोडी पाहिली, मागचे ओरखडे पाहून हळहळले. "हे कशाने झाले?"

"वाजवल्याने," आत्या म्हणाली.

"अशी व्हिंटेज वस्तू रोज वापरतात का?"

"मीही व्हिंटेजच आहे. मला रोज वापरतात."

गृहस्थ हसले, चहा प्यायले, आणि जाताना बैठकीच्या कोचाला कापड चढवायचं काम देऊन गेले.

आतोबांचं सांगायला हवं. ते पोहण्याच्या तलावावर कामाला. लहान मुलांना पाण्यावर तरंगायला शिकवायचं. दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून रडणाऱ्या पोरांना "पोट वर, पोट वर" म्हणत असतात. बोलणं कमी, आवाज मऊ. दर शनिवारी आत्याचा अँप्लिफायर ते हॉलवर न्यायचे. तो एखाद्या छोट्या फ्रिजइतका जड. मग भिंतीशी खुर्चीवर बसायचे, मांडीवर आत्याचा कोट. कार्यक्रम संपला की कोट द्यायचा, अँप्लिफायर उचलायचा, घरी. लग्न झाल्यापासून हेच. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्यांना कंटाळा येत असेल. कुणी विचारलं मात्र नाही.

मग आत्याला दम लागायला लागला. आधी तिने थोरलीच्या वजनाला दोष दिला, नंतर हॉलच्या पायऱ्यांना, नंतर स्वतःच्या वयाला. शेवटी एक दिवस दुकानात सोफा सरकवताना ती त्याच सोफ्यावर बसली आणि तिला उठवेना. हॉस्पिटलात सांगितलं, हृदयाची झडप नीट मिटत नाही, बदलावी लागेल. छातीचं हाड मधोमध कापून आत जावं लागणार होतं. आत्याने डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गिटार छातीवरच टेकते हो. मग?"

"हाड जुळेपर्यंत भरल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यानंतर बघू."

त्या 'बघू'ने आत्या सगळ्यात जास्त घाबरली. ऑपरेशनला नाही.

बँडमध्ये ड्रम वाजवणारा टपालवाटप करतो आणि पियानोवर शाळेतल्या एक बाई असतात. त्या दोघांनी निरोप धाडला, तुम्ही बऱ्या होईपर्यंत बासशिवाय वाजवू. आत्याने उलट निरोप धाडला की तसं केलंत तर मी हॉस्पिटलातून उठून येईन, माणूस शोधा. माणूस सापडला तो बाजारात चाव्या बनवणारा. पन्नाशीचा, लाजाळू. तरुणपणी बास वाजवायचा, मग संसाराच्या रगाड्यात गिटार विकून टाकली होती. तो आत्याला भेटायला आला तेव्हा बोटं पँटला पुसत दारातच उभा राहिला. आत्याने त्याला आत बोलावलं आणि थोरलीच त्याच्या गळ्यात घातली.

"ताई, ही नको. दुसरी कुठली तरी द्या."

"हीच घ्या. मधली कुरकुरते आणि धाकटी तुम्हाला पहिल्याच दिवशी तोंडघशी पाडेल. आणि हे बघा, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या."

ऑपरेशनच्या दिवशी आतोबा आणि मी वॉर्डाबाहेर बसलो होतो. आतोबा तासन्‌तास हलले नाहीत. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, सगळं ठीक झालं म्हणाल्या, तेव्हा ते उभे राहिले, "बरं" म्हणाले आणि परत बसले. पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते हे नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात चावीवाला भेटायला आला. आत्या उशीला टेकून बसली होती. झडपेचं सगळं ऐकून घेतल्यावर तो संकोचत म्हणाला, "ताई, दार नीट लागत नव्हतं तर मला सांगायचं." आत्याला हसताना टाके दुखायचे. ती छातीशी उशी धरून हसली आणि मग बराच वेळ "अरे देवा, अरे देवा" करत राहिली.

घरी आल्यावर मात्र तिची चिडचिड सुरू झाली. किटली उचलायची, परत ठेवायची. दुकानात जाऊन उरलेल्या दोन जावांवरची धूळ झटकायची, पण हात घालायचा नाही. शनिवार आला की तिचा चेहरा पडायचा. मी एकदा म्हटलं, "आत्या, चल ना हॉलवर, ऐकायला."

"नको."

"का?"

तिने किटली उचलली, परत ठेवली. मग म्हणाली, "तो माझ्यापेक्षा चांगला वाजवत असला तर?"

आतोबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "चांगलाच वाजवतो. मी गेलो होतो ऐकायला. चल, तूही ऐक."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. आत्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या हॉलमध्ये समोरच्या बाजूला बसली. खुर्ची तिनेच शिवलेली. बँड सुरू झाला. चावीवाला डोळे मिटून वाजवत होता, आणि खरंच सुरेख वाजवत होता. त्याची बोटं आत्यापेक्षा चपळ. आत्या जिथे एक सूर धरून थांबते तिथे तो तीन पायऱ्या उतरून खाली येत होता, आणि मध्येच पाचव्या तारेवर असा काही टेकायचा की जमिनीतून पायांत यायचं. मी चोरून आत्याकडे पाहिलं. तिने चपला काढल्या होत्या आणि तळपाय फरशीवर टेकवले होते.

"हे असं ऐकू येतं होय," ती म्हणाली. "मला स्टेजवर कधी कळलंच नाही."

चिडलेली ती नव्हती. नवल वाटलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

एक संथ गाणं लागलं. लोक उठून जोड्या जमवायला लागले. आतोबांनी मांडीवरचा कोट नीट घडी करून माझ्या हातात दिला, आत्यासमोर उभे राहिले आणि हात पुढे केला.

"अहो, हे काय?"

"डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलंय. हे चालण्यासारखंच आहे. हळू करू."

"मला नाही येत. मी कधी नाचलेय?"

"मला येतं," आतोबा म्हणाले.

आणि त्यांना खरंच येत होतं. पाण्यात उभं राहणारा हा जाडसर माणूस त्या फरशीवर इतका हलका झाला की मी बघतच राहिले. एक हात त्यांनी आत्याच्या पाठीशी असा धरला होता, जसा पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीखाली धरतात, आधार असतो पण दाब नसतो. आत्या सुरुवातीला पायांकडे बघत होती. मग बघेनाशी झाली. पियानोवरच्या बाईंनी पाहिलं आणि गाणं संपवायच्या जागी पुन्हा पहिल्यापासून धरलं. ड्रमवाल्यानेही ते ओळखलं. चावीवाल्याने डोळे उघडले, समोर पाहिलं, आणि चपळाई सगळी सोडून एकेक सूर लांब धरून वाजवायला लागला.

खुर्चीवर परत आल्यावर आत्या धापा टाकत नव्हती. तिने आधी नाडी पाहिली, मग आतोबांकडे.

"तुम्ही कुठे शिकलात?"

"इथेच. तुझ्या आधीपासून येतो मी. नाचायलाच यायचो."

"मग एवढी वर्षं नाचला का नाहीत? बायका काय कमी होत्या?"

आतोबांनी थोडा विचार केला. "नाचताना नीट ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आणि मला तुझं ऐकायचं असायचं."

आत्याने त्यांचा हात घेतला आणि तसाच कार्यक्रम संपेपर्यंत मांडीवर ठेवला. घरी जाताना मला म्हणाली, "माणसाला किती गं मिळतं, आणि आपण पुढ्यातल्या ताराच मोजत बसतो."

हाड जुळलं. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, पण बसून, आणि वजन छातीवर येऊ न देता. आत्याने फोमचा एक तुकडा कापला, त्यावर मऊ कापड शिवलं आणि पट्ट्याला अशी उशी केली की थोरली आता तिच्या मांडीवर आणि बगलेत बसते, हाडाला शिवत नाही. आठवडाभर ती दुकानातच धाकटी वाजवत होती. बोटं मऊ पडली होती, ती परत घट्टे पडेपर्यंत सोलवटत राहिली. शेजारचा चष्मेवाला येऊन म्हणाला, "बरं झालं बाई, इतके दिवस माझ्या काचा कशा गप्प होत्या."

थोरली परत द्यायला चावीवाला आला तेव्हा तिच्या तारा लखलखीत पुसलेल्या होत्या. त्याने ती पेटीत ठेवली, झाकण लावलं, नमस्कार केला आणि निघाला. दारापर्यंत गेला तशी आत्याने हाक मारली.

"कुठे निघालात? ही कुरकुरणारी कोण नेणार?"

तिने मधली त्याच्यापुढे धरली. तो नको नको म्हणाला, मागे सरकला, एका खुर्चीच्या सांगाड्यावर आपटला. आत्या म्हणाली, "मला एक उंच माणूस अशीच देऊन गेला. त्याला मी काही परत देऊ शकले नाही, पत्ताही नाही राहिला माझ्याकडे. तुम्ही घेतलीत तर मला बरं वाटेल. आणि एक शनिवार तुम्ही, एक शनिवार मी. नाही म्हणू नका. मला नाचायला शिकायचंय."

चावीवाल्याने मधली घेतली. मग त्याने बराच वेळ तिच्या खुंट्या तपासल्यासारखं केलं.

तेव्हापासून तसंच चाललंय. एका शनिवारी आत्या स्टेजवर, आतोबा खुर्चीत. दुसऱ्या शनिवारी दोघं फरशीवर. आतोबा म्हणतात, तिचा ताल पक्का आहे पण ती पुढाकार सोडत नाही, मलाच ओढत नेते. आत्या चावीवाल्याकडून तीन पायऱ्या उतरायची ती युक्ती शिकतेय. चावीवाला तिला ताई म्हणतो, आणि मधली दमट हवेत कुरकुरली की फोन करून तक्रार सांगतो. मग दोघं फोनवर तिच्याबद्दल असे बोलतात, जसं घरातल्या हट्टी माणसाबद्दल बोलावं.

तपासणीला आत्या परत हॉस्पिटलात गेली तेव्हा मी बरोबर होते. वॉर्डाबाहेर आम्ही त्याच खुर्च्यांवर बसलो. आत्या बसल्या बसल्या चुळबुळली, उठली, खुर्ची उलटी करून बघितली. फोम पार दबला होता. बसलं की थेट लाकूड लागत होतं.

"तुझे आतोबा त्या दिवशी यावर बसले होते?"

"सगळा दिवस," मी म्हटलं.

ती आत गेली, नाडी-बिडी दाखवून झाल्यावर डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाहेरच्या खुर्च्या मला न्यायच्यात. थोड्या थोड्या नेईन, कुणाला उभं राहायला लागणार नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याची काही गरज नाही. आत्या म्हणाली, "तुम्हाला नाही. बाहेर बसणाऱ्यांना आहे."

हिवाळाभर ते काम चाललं. तिने चांगला घट्ट फोम घातला, पुसायला सोपं असं निळं रेक्झिन लावलं आणि कडा दुहेरी शिवल्या. शेवटच्या खुर्च्या आम्ही एका शनिवारी दुपारी पोचवल्या. आता तिला एक खुर्ची स्वतः उचलायची परवानगी होती, ती तिने उचलली, भिंतीशी लावली, हाताने बैठक दाबून पाहिली. त्या संध्याकाळी वाजवायची पाळी तिची होती. थोरली गाडीतच होती, म्हणून आम्ही तिथून थेट हॉलवर गेलो.